भाऊ लाईव्ह आले हो!

ऐकलंत का? घाटाखालच्या एका भाऊंनी म्हणे परवा एकाच दिवसात तीन लग्नं, दोन दशक्रिया, एक बारसं आणि एका नालीचं भूमिपूजन उरकलं, आणि साऱ्याच्या रील रात्रीच्या जेवणाआधी पडल्यासुद्धा! दशक्रियेच्या रीलला मागं बासरी, बारशाला सनई. आणि नालीला? नालीला ड्रोन! साठ-सत्तर फुटांची ती नाली, पण आकाशातून अशी काही फिरवून दाखवली की पाहणाऱ्याला वाटावं, समृद्धी महामार्गाचा फाटाच आपल्या गल्लीत उतरला. नारळ तीनदा फोडावा लागला म्हणतात. पहिल्यांदा उन्हाची तिरीप आडवी आली, दुसऱ्यांदा सरपंचाचं डोकं भाऊंच्या चेहऱ्यापुढं आलं. तिसऱ्यांदा जमलं, तोवर जमलेली पोरं पहिल्या दोन नारळांचं खोबरं खाऊन घरी गेली होती.

आता हे कुणाला सांगू नका, पण बुलढाणा जिल्ह्यात घाटावर जा नाही तर घाटाखाली, सगळीकडं हीच लागण आहे. तालुके तेरा, विधानसभेचे मतदारसंघ सात, आणि भाऊ, दादा, साहेब, ताई किती, याची मोजदाद तहसीलदारालाही जमायची नाही. प्रत्येकामागं गिंबल धरलेलं एक पोरगं असतं. बारीक अंगाचं, दाढी कोरलेलं, आणि ‘हनुवटी जरा वर घ्या भाऊ’ असं तोंडावर सांगायची हिंमत असलेलं. भाऊ घरच्यांचं ऐकत नाहीत, पक्षाचं ऐकत नाहीत, या पोराचं मात्र निमूट ऐकतात. पूर्वी काम करून घ्यायचं तर भाऊंचा ठेकेदार कोण ते विचारायचे, मग पीए कोण ते विचारू लागले. हल्ली जाणकार माणूस आधी या पोराला चहा पाजतो.

श्रद्धांजलीचं तर विचारूच नका. घरातून अजून पाहुण्यांना फोन गेलेले नसतात, आणि भाऊंची ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ गावाच्या ग्रुपवर येऊन पडते. गेलेल्या माणसाचा फोटो पासपोर्टएवढा. भाऊ मात्र अर्ध्या चौकटीत, हात जोडून, डोळे पाण्यानं डबडबलेले. खामगावाकडच्या एका म्हातारीनं नातवाच्या हातातला मोबाईल पाहून हंबरडाच फोडला, “माय वो, भाऊ गेले काय रे?” नातू म्हणाला, “आजी, भाऊ नाही वं गेले, आपले किसनमामा गेले.” म्हातारी लगेच डोळे पुसून म्हणाली, “मंग किसन कुठीसा आहे याच्यात?”

पुन्हा गुरुवार आला की गजानन महाराजांच्या फोटोखाली भाऊ. १२ जानेवारीला सिंदखेड राजाच्या जिजाऊंच्या फोटोखाली भाऊ. शिवजयंतीला, आंबेडकर जयंतीला, सैलानीच्या यात्रेला, ईदला, नाताळला खाली कोपऱ्यात भाऊ आहेतच. कोपरा पूर्वी लहान असायचा. दर वर्षी तो थोडा थोडा वाढत चालला आहे, आणि महापुरुष बिचारे बोलायची सोय नसल्यानं सरकून जागा देत आहेत.

तसा हा रोग काही बुलढाण्यानं शोधलेला नाही. अख्ख्या महाराष्ट्रानं २०२० च्या टाळेबंदीत मुख्यमंत्र्यांना फेसबुक लाईव्हवर पाहिलं. उद्धव ठाकरे घरातल्या मोठ्या माणसासारखे बोलायचे, ते लोकांना आवडलंही. विरोधकांनी त्यालाच ‘फेसबुक लाईव्हवरचं सरकार’ म्हणून चिडवलं. आणि २९ जून २०२२ च्या रात्री त्यांनी राजीनामा जाहीर केला तोही फेसबुक लाईव्हवरच. त्याच दिवसांत शिवसेनेच्या बंडखोरांसोबत गुवाहाटीच्या हॉटेलात बसलेल्या सांगोल्याच्या आमदार शहाजीबापू पाटलांनी कार्यकर्त्याला फोनवर झाडी, डोंगार आणि हाटीलाचं वर्णन ऐकवलं, आणि ती ध्वनिफीत एका रात्रीत घराघरांत वाजली. इतक्या मोठ्या सत्तांतराचं लोकांच्या तोंडी काय राहिलं? पक्षांतरबंदी कायदा नाही, दहावं परिशिष्ट नाही. झाडी! बापूंनी त्यासाठी पोरगं ठेवलेलं नव्हतं, गिंबल नव्हता. साधा खाजगी फोन होता. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं लागेल.

आता रीलची जात पाहा. सर्वांत वरची जात म्हणजे ‘एन्ट्री’. पांढरी गाडी येते. दार उघडतं. आधी बूट दिसतो. मग पांढरीशुभ्र विजार. मग हळू गतीत भाऊ चालतात, मागं वीस-पंचवीस माणसं चालतात आणि कुठल्या तरी दाक्षिणात्य सिनेमाचा ढोल वाजतो. कुठं चालले आहेत ते रीलमध्ये कधीच कळत नाही. मला दाट संशय आहे की कुठंच चाललेले नसतात, परत गाडीकडंच येतात. खालची ओळ मात्र ठरलेली: ‘जिल्ह्याचा वाघ’. तालुक्याचा वाघ वेगळा, सर्कलचा वाघ वेगळा, आणि गावपातळीवर ज्याला ग्रामपंचायतीत डिपॉझिट राखता आलं नाही तोही ढाण्या.

वाघाचं निघालंच म्हणून सांगते. या जिल्ह्यात खराखुरा लाईव्ह असलेला वाघही एक येऊन गेला. २०१९ मध्ये यवतमाळच्या टिपेश्वरहून निघालेला एक तरुण वाघ, गळ्यात रेडिओ कॉलर, तेराशे किलोमीटरची पायपीट करून आपल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. तासातासाला त्याचं ठिकाण कळत होतं. वाटेत इतकी शेतं लागली, रस्ते लागले, गावं लागली. पठ्ठ्यानं एकदाही थांबून कुणासोबत फोटो काढला नाही. गिंबलवाल्या पोरांनी या वाघाचा अभ्यास करायला हवा होता.

पण अभ्यास झाला तो दाताचा. अगंबाई, ते प्रकरण तुम्हाला ठाऊक नाही असं कसं होईल! फेब्रुवारी २०२४, शिवजयंतीचे दिवस. बुलढाण्याचे शिवसेना आमदार संजय गायकवाड यांना कुणीतरी गळ्यातल्या दाताविषयी विचारलं. १९८७ मध्ये आपण वाघाची शिकार केली आणि हा दात त्याचाच, असं आमदारसाहेबांनी कॅमेऱ्यासमोर अगदी खुशीत सांगून टाकलं. वन्यजीव संरक्षण कायदा आहे १९७२ चा. पंधरा वर्षांचा हा हिशेब वन खात्यानं लगेच केला. दात जप्त झाला, तपासणीला गेला, गुन्हा नोंदला गेला. सांगा बरं, ज्या कबुलीसाठी पोलिसांना रात्ररात्र जागावं लागतं, ती माणसानं दिवसाढवळ्या, हसत, माईकवर द्यावी! कुणी मारलं नाही, कुणी धमकावलं नाही. समोर फक्त एक कॅमेरा होता.

मग त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आणखी एक व्हिडिओ आला. वर्दीतला पोलीस आमदारांची गाडी धुतो आहे! शिव शिव! विरोधकांनी कायदा-सुव्यवस्थेचं पाणी पाणी झाल्याचं जाहीर केलं. आमदारांचं म्हणणं असं की, त्या पोलिसाला गाडीत उलटी झाली होती, म्हणून त्यानं स्वतःहून गाडी धुतली. सप्टेंबरात राहुल गांधींची जीभ छाटणाऱ्याला ११ लाखांचं बक्षीस त्यांनी जाहीर केलं, आणि पुन्हा गुन्हा. इथं मात्र खोटं खोटं नाक मुरडायची सोय राहत नाही. गाडी धुण्यावर हसता येतं, जीभ छाटण्यावर येत नाही. ते वाक्य ऐकून ज्यांनी शिट्या मारल्या, त्यांच्या स्टेटसवर सकाळी बुद्धाचं किंवा तुकोबांचं चित्र असतं, हे मी पाहिलेलं आहे.

आणि मग कॅन्टीन. ८ जुलै २०२५ ची रात्र, मुंबईचं आकाशवाणी आमदार निवास. खोलीत मागवलेली डाळ शिळी निघाली, वास मारत होती, अशी आमदारांची तक्रार. तक्रार तर कुणीही करेल. पण हे खाली आले ते बनियन आणि टॉवेलवर, आणि कॅन्टीनच्या माणसाला गुद्दे लगावले. कुणाच्या तरी मोबाईलनं ते टिपलं. दुसऱ्या दिवशी देशभरच्या वाहिन्यांवर बुलढाणा. लोणारचं विवर हजारो वर्षं तोंड उघडून बसलं आहे, त्याला कधी इतका वेळ मिळाला नाही हो! मुख्यमंत्र्यांनी सभागृहात नापसंती दाखवली. अन्न व औषध प्रशासनानं कॅन्टीनचा परवाना निलंबित केला. पोलिसांनी अदखलपात्र गुन्हा नोंदवला. आमदारांनी आपल्याला पश्चात्ताप नसल्याचं सांगितलं. आणि आठवड्याभरात विरोधी आमदार विधानभवनाच्या पायऱ्यांवर बनियन आणि टॉवेल घालून निदर्शनाला उभे! म्हणजे एकाचा चुकून झालेला पेहराव, तो बाकीच्यांनी ठरवून केला. का? कारण कॅमेरे तिथं होतेच.

चिखलीच्या एका मावशींना मी विचारलं, काय वाटलं हे पाहून? त्या म्हणाल्या, “मारलं ते वाईटच. पण आमच्या पोराच्या वसतिगृहात रोज तशीच डाळ असते. तिथं कोणता आमदार टॉवेलवर उतरंल?” यावर काय बोलणार. त्या दृश्यात कुणाला गुंडगिरी दिसली, कुणाला आपल्या पोटातली आग दिसली. व्हिडिओ तोच.

तर हिशेब असा. भाऊंनी पगारी पोरं ठेवून, ड्रोन उडवून, तीन-तीन नारळ फोडून केलेल्या रील त्यांच्याच कार्यकर्त्यांच्या मोबाईलमध्ये फिरत राहतात. कार्यकर्ता कार्यकर्त्याला पाठवतो, तो अंगठा दाखवतो, संपलं. जिल्ह्याची वेस ओलांडून जाते ती भलतीच चीज: न मागितलेली, कुणी हळूच टिपलेली, बासरी नसलेली. कॅन्टीनमध्ये ड्रोन नव्हता. सांगोल्याच्या बापूंकडंही नव्हता. जुलै २०२५ मध्येच तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे सभागृहात मोबाईलवर रमी खेळताना दिसल्याचा व्हिडिओ विरोधकांनी बाहेर काढला, तोही कोकाटेंच्या गिंबलवाल्या पोरानं कापून-जोडून बनवलेला नव्हता. आपण पत्ते खेळत नव्हतो, आलेली जाहिरात घालवत होतो, असं मंत्र्यांनी सांगितलं. पुढं त्यांचं कृषी खातं गेलं आणि क्रीडा खातं मिळालं. इथं शेगावच्या पारावर लोक हसून हसून लोळले. सोयाबीनवाल्यांना मात्र हसू जरा उशिराच आलं.

“मग काय, असल्या व्हिडिओनं मतं जातात का हो?” असं तुम्ही विचाराल. थांबा, हे खमंग आहे. २०१९ मध्ये गायकवाड निवडून आले ते सव्वीस हजारांच्या घरातल्या मताधिक्यानं. मग आलं २०२४, दाताचं, गाडीचं आणि जिभेचं वर्ष. नोव्हेंबरात मतमोजणी झाली, समोर ठाकरे गटाच्या जयश्री शेळके. मताधिक्य किती? ८४१! एखाद्या लग्नाच्या पंगतीला याहून जास्त पानं उठतात. आता यातून प्रत्येकानं आपापला अर्थ काढला. एक म्हणतो, बघा, व्हिडिओंनी पंचवीस हजार खाल्ले. दुसरा म्हणतो, बघा, इतकं होऊनही निवडून आले, व्हिडिओंनीच तारलं. तिसरा शहाणा सांगतो की २०१९ ला लढत तिरंगी होती, २०२४ ला सरळ, त्यामुळं दोन आकडे शेजारी ठेवायचेच नाहीत. तिसऱ्याचं खरं आहे, म्हणून त्याची रील कुणी काढत नाही.

लाईव्हचा खरा उस्ताद म्हणाल तर रविकांत तुपकर. यांची गोष्ट वेगळ्या पोताची आहे. सोयाबीन-कापसाच्या भावासाठी आणि पीकविम्यासाठी हा माणूस वर्षानुवर्षं रस्त्यावर, आणि रस्त्यावर नसला की मोबाईलवर. फेब्रुवारी २०२३ मध्ये आत्मदहनाचा इशारा देऊन साहेब गायब! पोलीस शोधताहेत, कार्यकर्ते फोन पाहताहेत. ११ तारखेला बुलढाण्यात बंदोबस्तातल्या वर्दीवाल्यांतलाच एक वर्दीवाला पुढं आला, त्यानं अंगावर ज्वलनशील पदार्थ ओतून घेतला, आणि पाहतात तर तुपकर! पोलिसांच्याच वेशात पोलिसांना चकवलं. अटक झाली, रवानगी अकोल्याच्या तुरुंगात. ही एन्ट्री कुठल्या गिंबलवाल्या पोराला सुचली असती सांगा. २०२४ च्या लोकसभेला ते अपक्ष उभे राहिले. ना पक्ष, ना मोठ्या नेत्याची सभा, आणि मतं मिळाली अडीच लाखांच्या आसपास. प्रतापराव जाधव चौथ्यांदा खासदार झाले, ठाकरे गटाचे नरेंद्र खेडेकर दुसरे, तुपकर तिसरे. त्यांच्या लाईव्हवर पाऊस पडावा तशा कमेंट पडायच्या. पण त्या कमेंटीत पुण्याचे, सुरतेचे, मुंबईत गाडी चालवणारे जिल्ह्याचे लेकही होतेच. प्रेम खरं त्यांचंही, पण मतदानाच्या दिवशी सुरतेहून कोण येतो हो?

याच्या अगदी उलट टोकाला हर्षवर्धन सपकाळ. बुलढाण्याचेच माजी आमदार, गांधीविचाराचे, साधेपणासाठी ओळखले जाणारे. फेब्रुवारी २०२५ मध्ये काँग्रेसचे प्रदेशाध्यक्ष झाले, आणि काय आश्चर्य, लगेच साधेपणाच्याच चित्रफिती फिरू लागल्या! साधी राहणी, साधं बोलणं. माणूस खरोखर साधा असेल तरी कॅमेरा आला की त्या साधेपणालाही मागं वाद्य लागतं. त्यात त्यांचा दोष नाही. पण त्यांच्या मागं चालणाऱ्यांनी घाईघाईनं घेतलेल्या नव्या खादीला अजून घडीची रेघ दिसते, हे कुणी तरी त्यांना सांगायला हवं.

आणि निवडणूक आयोग? आहे ना. उमेदवारानं शपथपत्रात आपली समाजमाध्यमांवरची खाती लिहून द्यायची. पैसे देऊन केलेली जाहिरात जिल्ह्याच्या समितीकडून आधी तपासून घ्यायची, तिचा खर्च हिशेबात धरायचा. विधानसभेला मर्यादा ४० लाखांची. मतदानाआधीच्या ४८ तासांत प्रचार बंद. किती शिस्त! भाऊ ती तंतोतंत पाळतात. भाऊंच्या खात्यावर त्या दोन दिवसांत चिमणीसुद्धा चिवचिवत नाही. भाऊंच्या मेव्हण्याच्या, दूधवाल्याच्या, जिमवाल्याच्या, ‘भाऊप्रेमी मित्रमंडळा’च्या आणि ‘आपलं गाव आपली माणसं’च्या स्टेटसवर मात्र भाऊ रात्रभर चालत असतात, तेच बूट, तीच विजार. आणि स्टेटस चोवीस तासांनी आपोआप पुसलं जातं. पुरावाही आचारसंहिता पाळतो म्हणा ना.

बायकांचं एक वेगळंच. २०२४ च्या राखीपौर्णिमेच्या सुमाराला लाडकी बहीण योजनेचे तीन हजार खात्यात पडले आणि जिल्ह्यातला प्रत्येक नेता एकदम भाऊ झाला. राख्या कोपरापर्यंत! नांदुऱ्याकडच्या एका वहिनींना कार्यक्रमाला नेलं, ओवाळायला लावलं. “परत एकदा म्हणा ताई, ‘माझ्या भावानं दिलं’ असं, आणि थोडं रडा.” वहिनी म्हणाल्या, “रडायले काय झालं? पैसे तं आले ना!” ती रील काही पडली नाही. मागच्या रांगेतल्या एका आजी पदर डोळ्याला लावून होत्या, त्यांची पडली. आजींच्या डोळ्यांत धूळ गेली होती, हे त्यांनीच नंतर सांगितलं.

आणि टक्कल आठवतं का? जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातल्या काही गावांत लोकांचे केस झपाझप गळू लागले. आयसीएमआरचं पथक आलं, गव्हातल्या सेलेनियमची चर्चा झाली. केंद्रात आरोग्य राज्यमंत्री कोण, तर आपल्याच जिल्ह्याचे प्रतापराव. पण पथकाच्या आधी पोचले ते माईक आणि मोबाईल. “ओढून दाखवा, अजून एकदा ओढा, हातात येतात ना?” माणसं घाबरलेली, आणि केस ओढून दाखवताहेत. ज्याला-त्याला गावाशी नाळ जोडायची होती. त्या लोकांना पुढं कुणी किती वेळा फोन केला, ते त्यांनाच विचारा. आम्ही चघळणारेही त्यात सामील. त्या गावांतल्या बोंडगावचं नाव घेऊन आम्हीही दोन दिवस खिदळलोच.

मग २०२५ च्या अखेरीस नगरपालिकांचा हंगाम आला, आणि वर्षानुवर्षं तुंबलेले इच्छुक एकदम फुटले. जिल्हा परिषदेवर २०२२ पासून प्रशासक, म्हणजे ‘भावी’ माणसांचं भावीपण शिळं होऊन चाललेलं. ‘भावी नगराध्यक्ष’, ‘भावी सभापती’, एकानं तर सरळ ‘फिक्स नगरसेवक’. तिकीट नाही, प्रभाग ठरलेला नाही, आरक्षण निघालेलं नाही, पण फिक्स! भेंडवळच्या घटमांडणीतसुद्धा राजाच्या गादीचं भाकीत पानसुपारी ठेवून, रात्र जाऊ देऊन, पहाटे पाहून मगच सांगतात.

या साऱ्यात मला सर्वांत जास्त आवडतात ते भाऊंचे ग्रुप. ‘जनसंवाद’, ‘थेट संवाद’, ‘भाऊ आपल्या दारी’. हजार हजार माणसं. दारावर पाटी मात्र एकच: फक्त ॲडमिन संदेश पाठवू शकतात. हजारांना अंगठा दाखवायची मुभा, तोंड उघडायची नाही. म्हणून लोक जातात भाऊंच्या फेसबुकवर, तिथं कमेंटला अजून जागा आहे. २०२५ च्या दिवाळीत भाऊंनी कुटुंबासह पणत्या लावतानाची रील टाकली होती, मागं बासरी अर्थातच. खाली खामगाव बाजार समितीत सोयाबीन विकून आलेल्या एकानं लिहिलं, “भाऊ, हमीभाव ५,३२८ आहे म्हणतात, आम्हाले त्याच्या किती खाली द्या लागला ते पावती टाकतो, पाहा.” आणि पावतीचा फोटो टाकला.

पाच मिनिटांत उत्तर आलं. हात जोडलेली दोन चित्रं, आणि “धन्यवाद भाऊ, तुमचं प्रेम असंच राहू द्या.”

त्यानंही खाली दोन हात जोडले, आणि दुसरी पावती टाकली.